बाबांसाठी काय रांधायचं? (जूनचा तिसरा रविवार, मिरग आणि मासेबंदी)

सुरंगी :
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. यंदा २१ जूनला फादर्स डे आहे आणि त्या रविवारी मी कणकवलीहून घरी जाणार आहे. घर मालवणच्या अलीकडे, एसटीने दीड तास. बाबा आता ७२ वर्षांचे झाले. आई म्हणाली ये आणि त्यांच्यासाठी तुझ्या हातचं काहीतरी कर. मी हो म्हटलं, रात्री वही घेऊन यादी करायला बसले, आणि तेव्हा कळलं की बाबांना काय आवडतं ते मला माहीतच नाही.

आईला परत फोन लावला तर ती पण जरा वेळ गप्प झाली आणि मग म्हणाली, "त्यांका सगळा चलता." आमच्या घरात आईला कोळंबीचं सुकं, मला उकडीचे मोदक, भावाला वडे-सागोती हे सगळ्यांना पाठ आहे. बाबांच्या नावापुढे काही नाही. जे ताटात आलं ते जेवले, नाव कधी ठेवलं नाही, मागून कधी घेतलं नाही. फणस फोडायचे ते, चीक त्यांच्या हाताला, गरे मात्र आमच्या ताटात, आणि ते तेल लावून हात घासत विहिरीवर जायचे, परत येईपर्यंत अर्धे गरे संपलेले असायचे. हे मला परवा रात्री आठवलं आणि झोप नाही लागली.

दुसरी अडचण जूनची. मासे बंद, हापूस संपला, पातोळ्यांसाठी हळदीची पानं अजून यायचीत, तवसं (मोठी काकडी) पण नाही. मग या दिवसांत खास म्हणून काय करायचं? एक गोड हवंच. थोडी शुगर आहे त्यांना, गोळी चालू आहे. तुम्ही तुमच्या वडलांसाठी काय करता आणि त्यांची आवड कशी शोधलीत तेही सांगा प्लीज.

आमसूल :
ताई तुमचं वाचून मी पण आत्ता विचार केला, आमच्या पप्पांना काय आवडतं? चहा. बाकी काहीच सुचलं नाही. धागा फॉलो करतेय. मी बारावीला आहे आणि मला केक करायचाय पण ओव्हन नाहीये, काही आयडिया असेल तर सांगा.

पाटावरवंटा :
सुरंगी, अगं त्यांना विचारायला जाऊ नकोस, "कायपण कर" एवढंच उत्तर मिळेल. त्यांच्या बहिणीला विचार, असेल तर. बायकोला नवऱ्याची आवड माहीत असते ती लग्नानंतरची, आणि पुरुष माणूस लग्नानंतर मागत नाही, वाढलेलं खातो. त्याच्या जिभेला जे लागलेलं असतं ते त्याच्या आईच्या चुलीपाशी लागलेलं असतं. आमच्या ह्यांना ४० वर्षं मी भाकरी वाढली, आणि नणंदेने एकदा सहज सांगितलं की दादा लहानपणी सातकाप्या घावणांसाठी रडायचा. सात थरांचं घावन, प्रत्येक थराच्या मध्ये गूळ-खोबऱ्याचं सारण. मला कुणी सांगितलंच नव्हतं. केलं त्या दिवशी, बोलले काही नाहीत, दोन खाल्ले आणि तिसरं संध्याकाळी चहाबरोबर मागितलं.

दुसरी खूण म्हणजे ते बाजारातून न सांगता काय आणतात ते बघ. यादीत नसलेली वस्तू पिशवीत कुठली असते? तिथेच आवड असते.

रेवदंड्याची_लेक :
काकूंचं अगदी बरोबर. माझे बाबा न सांगता सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणायचे! आमच्याकडे अलिबाग-रेवदंड्याला जूनमध्ये खास म्हणजे सोडेच. ताजे मासे नाहीत म्हणून कमी प्रतीचं जेवण असं मानणं मला पटत नाही, मे महिन्यात अंगणात सुकवून डब्यात भरून ठेवतात ते ह्याच दिवसांसाठी. मी दरवर्षी त्यांच्यासाठी सोड्याची खिचडी करते. एक वाटी सोडे कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवायचे, मग दोन-तीनदा चोळून धुवायचे कारण वाळू राहिली तर सगळ्या भांड्याची वाट लागते, घट्ट पिळून घ्यायचे. तेलात कांदा चांगला लाल, आलं-लसूण, हळद, आपला घरचा मसाला, त्यावर सोडे टाकून पाच मिनिटं परतायचे, ही पायरी घाईत करायची नाही, सोड्यांचा उग्र वास जाऊन खमंग वास यायला लागला पाहिजे. मग बटाट्याच्या फोडी, दोन वाट्या तांदूळ, गरम पाणी, मीठ, आणि शेवटी वाफ जिरताना अर्धी वाटी नारळाचं घट्ट दूध. दोन आमसुलं. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला भाजलेला पापड.

आणि पहिल्या पावसाची शेवळं मिळाली तर सोडे घालून शेवळाची भाजी. शेवळं खाजरी असतात म्हणून त्यात काकडं घालतात, काकडाची ती छोटी हिरवी आंबट फळं, बाजारात शेवळाच्या जुडीबरोबरच मिळतात, ती विसरायची नाहीत, नाहीतर घसा धरतो. बाबा शेवळं स्वतः साफ करून द्यायचे, आतला पिवळा भाग काढून टाकायचा असतो, तो मी काढला तर त्यांना भरवसा नसायचा.

खाडीपलीकडे :
मासेबंदीबद्दल थोडं, कारण दरवर्षी कोणीतरी विचारतं. जून-जुलै हे दोन महिने आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. समुद्र खवळलेला असतो हे एक, आणि बऱ्याच माशांचा हा अंडी घालायचा काळ हे दुसरं. तेव्हा ह्या दिवसांत बाजारात पापलेट-सुरमई दिसली तर ती बहुतेक बर्फातली, बाहेरून आलेली. वडलांसाठी म्हणून हजारभर रुपये घालून तसली आणण्यापेक्षा मी तरी नको म्हणेन. चढणीचे मासे खायला चांगलेच लागतात, पण ते अंडी घालायलाच ओढ्यातून शेतात चढत असतात, पोटात गाबोळी असते, त्यामुळे मी हल्ली ते धरणं सोडलंय. घरी एकदा वडलांशी ह्यावरून बोलणं झालं, ते म्हणाले आमच्या लहानपणी रात्री बत्ती घेऊन जायचो तेव्हा टोपली भरायची, आता ओंजळ भरत नाही. तिथेच विषय संपला.

पण सुरंगीताई, तुम्ही एक गोष्ट विसरताय, जूनचा तिसरा रविवार १५ ते २१ च्या मध्ये येतो म्हणजे तो मिरगात येतो. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं ते २१-२२ पर्यंत असतं. तुमच्या सिंधुदुर्गात तर मिरगाला राखणदाराला (जागेची राखण करणाऱ्या देवाला) कोंबडा देऊन घरी वडे-सागोती करतात. पेरणी झालेली असते, अंग दुखत असतं, बाहेर पाऊस आणि घरात चुलीवर कोंबडा शिजतोय. शेती करणाऱ्या बापासाठी ह्यापेक्षा वेगळा सण कशाला पाहिजे.

वड्याचं पीठ घरी दळायचं असेल तर आमच्या घरचं प्रमाण: चार वाट्या जाडा तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धी वाटी चणाडाळ, दोन चमचे धणे, एक चमचा मेथी, एक चमचा बडीशेप. तांदूळ धुवून सुकवून, बाकीचं हलकं गरम करून, जरा रवाळ दळायचं. मीठ, हळद, गरम पाण्याने घट्ट मळून तीन-चार तास झाकून ठेवायचं, पावसाळी गारठ्यात जास्त वेळ. केळीच्या पानावर थापून कडक तेलात सोडले की फुगतात, झाऱ्याने वरून तेल उडवायचं. गावठी कोंबडा असेल तर कुकरच्या तीन शिट्ट्यांत होईल ह्या भरवशावर राहू नका, मंद आचेवर तासभर तरी द्या. आणि वाटपाचं खोबरं कांद्याबरोबर भाजताना करपू देऊ नका, कडवट झालं की मसाला कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. सोबत सोलकढी, आगळ (कोकमाचा रस) आणि नारळाचं दूध, ती गरम करायची नाही, फुटते.

भातखाचर :
मला एक सांगा, हा फादर्स डे कुणी काढला? आमची आजी पितृदिन म्हटलं की सर्वपित्री समजते आणि जिवंत माणसाचा कसला पितृदिन म्हणून रागावते.

खाडीपलीकडे :
@भातखाचर, अमेरिकेतला आहे. वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन नावाचं शहर आहे, तिथे १९ जून १९१० ला पहिल्यांदा झाला. सोनोरा स्मार्ट डॉड नावाच्या बाईने पुढाकार घेतला होता. तिची आई बाळंतपणात गेली आणि वडलांनी तिला आणि तिच्या पाच भावांना एकट्याने वाढवलं, सैन्यात होते ते आधी, नंतर शेती करायचे. मदर्स डेचं प्रवचन चर्चमध्ये ऐकून तिला वाटलं की वडलांचाही दिवस पाहिजे. तिकडे कायद्याने दिवस ठरायला मात्र १९७२ साल उजाडलं. आजीला सांगा की एका शेतकऱ्याच्या मुलीने बापासाठी मागितलेला दिवस आहे, तिला पटेल असं वाटतं.

कापा_बरका :
नावातच फणस आहे म्हणून मी बोलणारच. जून म्हणजे बरक्या फणसाचे शेवटचे दिवस, आणि गोडात सांदण करा. काप्याने होत नाही, बरकाच हवा, रसाळ, तारा सुटणारा. गरे चाळणीवर घासून रस काढायचा, मिक्सरला लावला तर तारा बारीक होऊन तोंडात येतात. दोन वाट्या रसाला दोन वाट्या तांदळाचा रवा थोड्या तुपावर कोरडाच भाजलेला, फणस किती गोड आहे ते बघून पाऊण ते एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलं खोबरं, चिमूट मीठ, वेलची किंवा जायफळ. तासभर मुरवा, रवा फुगला की घट्ट होतं मग नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करा. इडलीपात्राला तूप लावून २० मिनिटं वाफवा. खाताना वरून नारळाचं दूध नाहीतर साजूक तूप. आठळ्या टाकू नका, उकडून मीठ लावून द्या, बाप लोकांना पेपर वाचताना सोलून खायला फार बरं वाटतं, माझ्या अनुभवाने सांगतो.

@आमसूल, तुला केक हवाय ना, मग धोंडस कर. आपल्याकडे केक आधीपासून आहे. तवशाचा कीस, रवा, गूळ, खोबरं एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात, खाली निखारे आणि झाकणावर पण निखारे ठेवून भाजायचे, ओव्हन म्हणजे दुसरं काय असतं. आता तवसं नाही तर त्याच प्रमाणात फणसाचा रस घे. दोन वाट्या रस, दोन वाट्या रवा तुपावर गुलाबी भाजलेला, एक वाटी गूळ, एक वाटी खोबरं, पाव वाटी तूप, वेलची, मीठ. दोन तास मुरू दे. मग शेवटी पाव चमचा खायचा सोडा. कुकरची शिट्टी आणि रबर दोन्ही काढ, कुकरमध्ये पाणी घालायचं नाही, तळाला मीठ पसरून त्यावर स्टँड ठेव, दहा मिनिटं तापव, मग तूप लावलेला डबा आत ठेवून अगदी बारीक गॅसवर ४० ते ४५ मिनिटं. सुरी घालून बघ, कोरडी आली की झालं. घाईत गरम गरम कापू नको, भुगा होतो, गार झाल्यावर सुंदर वड्या पडतात. मोठ्या माणसाला सोबत घेऊन कर पहिल्यांदा, रिकामा कुकर तापवायचा म्हणजे लक्ष लागतं.

आमसूल :
थँक्यू सो मच!! फणस घरचाच आहे. पण आमच्याकडे लाईट सारखी जाते, नारळ कसा वाटू?

पाटावरवंटा :
खवलेलं खोबरं गरम पाण्यात पाच मिनिटं ठेव, हाताने जोर काढून चोळ आणि फडक्यातून पिळ. दूध येतं. मिक्सर नव्हते तेव्हा कोकणात काय लोक रसाशिवाय राहत होते का बाळा. आदल्या दिवशी काढून ठेवू नको, लाईट गेली आणि फ्रिज बंद पडला की आंबतं.

नाचणी :
सुरंगी, तुम्ही शुगरचं लिहिलंय म्हणून थांबून लिहितेय, मी आहारतज्ज्ञ आहे. गूळ नैसर्गिक म्हणून चालतो हा समज मनातून काढा, गुळानेही साखर वाढतेच. पिकलेला फणस, आटवलेला आंब्याचा रस, मध, सगळं त्यातच आलं. म्हणून गोड करूच नका असं मी म्हणणार नाही, सणाच्या दिवशी बापाला बाजूला बसवून बाकीच्यांनी खायचं हे मला मान्य नाही. फक्त गोड रिकाम्या पोटी देऊ नका, जेवणाच्या शेवटी छोटी वाटी द्या आणि त्या जेवणातला भात किंवा वडे तेवढे कमी वाढा. सोबत पावसाची भाजी ठेवा, टाकळा, भारंगी, फोडशी, काय मिळेल ती. आणि गोड खाल्लं म्हणून गोळी स्वतःच वाढवणं किंवा आदल्या दिवशी उपास करणं असलं काही त्यांना करू देऊ नका, आमच्याकडे येणारे बरेच बाबा लोक नेमकं हेच करतात. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

माडाच्या_सावलीत :
मी सहसा लिहीत नाही पण हा धागा दोनदा वाचला. माझे अण्णा जाऊन आठ वर्षं झाली. श्राद्धाला त्यांचं सगळं साग्रसंगीत होतं, खीर, वडे, पाच भाज्या. पण ते ह्यातलं काहीच आवडीने खात नसत. नांगरणीच्या दिवसांत सकाळी दहाच्या सुमारास आई शेतावर पेज घेऊन जायची, उकड्या तांदळाची गरम पेज, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब आणि चेचलेली मिरची. बांधावर चिखलाच्या पायांनी बसून जेवायचे, इरलं बाजूला काढून ठेवलेलं. तो बांगडा ते दोन बोटांनी सोलायचे आणि काटा अख्खा बाहेर यायचा.

मी जूनच्या त्या रविवारी पेज करते आणि बांगडा भाजते. गॅसवर जाळी ठेवून. शेजारच्या फ्लॅटमधल्यांना वास जातो म्हणून खिडक्या लावून घेते. मुलं खात नाहीत, मी एकटी खाते.

रेवदंड्याची_लेक :
ताई _/\_ पुढच्या वेळी मुलांना शेजारी बसवा फक्त, खाल्लं नाही तरी चालेल, आजोबा कसे सोलायचे ते सांगा.

सुरंगी :
काल आत्याला फोन केला. आत्या ७८ वर्षांची आहे, वेंगुर्ल्याला असते, ऐकायला कमी येतं म्हणून भाचीने फोन धरला. मी विचारलं आत्या, बाबांना लहानपणी काय आवडायचं गो? एका क्षणात उत्तर आलं. "शिरवाळे. साचो दाबूक तोच पयलो धावायचो. आयेचो हात दुखता म्हणान."

म्हणजे असं की आमची आजी रसातले शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, करायची आणि लाकडी साच्याचा दांडा दाबायला जोर लागतो, आजोबा मुंबईला, घरात बाप्यामाणूस म्हणून बाबाच, वय वर्षं नऊ-दहा. दांड्याला लोंबकळायचे म्हणे. पोटात रस गेला की झोपायचे तिथेच. नंतर १९७४ ला ते पण मुंबईला गेले, परळला गिरणीत लागले, गावच्या मंडळींच्या खोलीत दहा-बाराजण राहायचे आणि खानावळीत जेवायचे. ते मला माहीत होतं, खानावळवाल्या मावशीचं नाव ते अजून घेतात. १९८२ च्या संपानंतर गावी परत आले तोवर आजी अंथरुणाला खिळलेली होती. पुढे आई आली, आईचं माहेर दोडामार्गच्या वरच्या अंगाला, तिच्या माहेरी साचा नव्हता. त्यामुळे आमच्या घरात मी शिरवाळे कधी खाल्लेच नाहीत. हॉटेलात खाल्लेत मी मालवणात, बाबांना सोबत नेऊन पण खाल्लेत, तेव्हाही ते काही बोलले नाहीत!

साचा माळ्यावर आहे. आई म्हणते फणसाच्या लाकडाचा आहे, जड आहे. काकू, शिरवाळे कसे करतात ते नीट सांगाल का? माझ्याकडे आठच दिवस आहेत.

पाटावरवंटा :
बस, मिळालं बघ तुला.

तांदूळ जुना घे, नवा चिकट होतो. धुवून सावलीत सुकव आणि अगदी बारीक दळून आण, वस्त्रगाळ म्हणतात तसं. दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तेल, उकळलं की पीठ घालून उलथण्याच्या दांड्याने ढवळ, झाकून वाफ आण. मोदकासारखीच उकड. गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळ, थांबलीस तर कण राहतात. मग साच्याच्या भोकात जाईल अशा आकाराचे मुटके कर.

आता इथे लोक चुकतात. मुटके तसेच साच्यात घालायचे नाहीत. मोठ्या पातेल्यात पाणी खळाखळा उकळत ठेवायचं आणि मुटके त्यात सोडायचे, आधी तळाला बसतात, शिजले की वर येतात. वर आलेला मुटका काढायचा आणि लगेच साच्यात, एक दाबून होईपर्यंत दुसरा पाण्यातच. गार झालेला मुटका दाबला तर शेवया तुटतात आणि दाबणाऱ्याचा खांदा जातो. म्हणून ह्याला दोन माणसं लागतात, एक पाण्यापाशी, एक दांड्यापाशी. एकटीने करायचा पदार्थच नाही हा.

रस: दोन नारळांचं दूध, पहिलं घट्ट आणि दुसरं पातळ एकत्र. गूळ किसून त्यात गारच विरघळवायचा, वेलची, किंचित मीठ. आमच्याकडे चिमूटभर हळद घालतात रंगाला. चुलीवर ठेवायचा नाही. वडलांच्या वाटीसाठी गूळ कमी घालून वेगळा रस काढ, मीठ आणि वेलची नीट पडली तर कमी गोड पण चांगला लागतो. शिरवाळे ताटात, वरून रस, आणि वाढल्यावर लगेच खायचे, बसून राहिले की रस पितात.

खाडीपलीकडे :
साचा इतकी वर्षं माळ्यावर असेल तर आधी कीड लागलीय का बघा. उकळतं पाणी दोनदा ओता, उन्हात नाही तर चुलीच्या वर एक रात्र टांगून सुकवा आणि खोबरेल तेल चोळून ठेवा. भोकांची पत्री पितळेची असेल तर चिंचेने घासा. आणि वडलांना आधी सांगू नका. फक्त साचा समोर ठेवा.

नाचणी :
तांदूळ-गूळ-नारळ तिन्ही आहे, तेव्हा वाटी छोटी :) पण कराच.

आमसूल :
रविवार रात्र, रिपोर्ट देतेय. धोंडस झाला!! ४५ मिनिटांनी मध्ये ओला होता, अजून १५ ठेवला मग बरोबर. पप्पांनी विचारलं कुठल्या बेकरीतून आणलास, मी सांगितलं घरच्या झाडाच्या फणसाचा आहे, तर ते डबा घेऊन शेजारच्या काकांना दाखवायला गेले पावसात. परत आले तेव्हा दोनच वड्या उरल्या होत्या, सगळ्या वाडीला वाटल्या.

सुरंगी :
मी आज सोमवारी लिहितेय, काल नेटवर्कच नव्हतं.

शनिवारी रात्री पोचले, साचा आईने आधीच धुवून तेल लावून ठेवला होता. एका पायाला चीर गेलीय पण भक्कम आहे. रविवारी सकाळी दुपारच्या जेवणाची तयारी चालू होती, कोंबडा भावाने आणला होता, टाकळ्याची भाजी आईने केली. मी उकड मळत होते आणि साचा पडवीत मधोमध ठेवला होता. बाबा गोठ्याकडून आले, पाय धुतले, साच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता आत जाऊन लुंगी वर खोचून आले. मला म्हणाले, "पाणी उकळता काय?" एवढंच.

पहिले दोन मुटके मी घाईत वर यायच्या आधीच काढले, आतून कच्चे, तुटक तुटक पडले. त्यांनी ते बाजूला केले, पातेल्यापाशी स्वतः येऊन उभे राहिले आणि म्हणाले, वर येऊन जरा फिरूंदे, मग काढ. तिसऱ्यापासून नीट पडायला लागले. दांडा ते दाबत होते, ७२ व्या वर्षी, भाऊ म्हणाला मी दाबतो तर नको म्हणाले. शेवटचे चार मात्र भावाला दिले आणि बाजूला उभं राहून हात कुठे धरायचा ते दाखवलं. आई सगळा वेळ दारात उभी होती. त्यांनी दाबताना आजीबद्दल सांगितलं, ती गूळ किसायची नाही, विळीवर कापायची आणि त्यातला एक खडा ह्यांना द्यायची, आणि मुंबईच्या खोलीत कुणी गावाहून आलं की ते आधी नारळ आणि गूळ आहे का बघायचे पण साचा कोण आणणार. ५० वर्षांपूर्वीचं ते असं बोलत होते जसं काही परवाचं आहे. मी असं सलग बोलताना त्यांना ऐकलेलं नाही.

जेवताना वडे-सागोती थोडी घेतली, भात घेतलाच नाही, म्हणाले जागा ठेवतंय. मग छोटी वाटी शिरवाळे, कमी गोडाचा रस. खाल्ले. आईने विचारलं बरे झालेत काय, तर म्हणाले, "आयेचे हेच्यापेक्षा बारीक असत." आणि वाटी पुढे केली. मी आणि आईने एकमेकींकडे बघितलं, डॉक्टरांनी एका वाटीला हो म्हटलं होतं, मग मी चार शेवया आणि डावभर रस वाढला.

आज सकाळी मी निघताना एसटी स्टॉपवर सोडायला आले, छत्री धरून. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "फुडच्या खेपेक पीठ वायच बारीक दळून हाड."

काकू, जुना तांदूळ दोन किलो आणलाय येता येता. पावसात वाळत नाहीये म्हणून पंख्याखाली चादरीवर पसरून ठेवलाय.